पॉलीसिक्सचे पॅच उडतात, सूर सरकतो, बटणं ऐकत नाहीत: तपासणी कुठून सुरू करायची

कॉर्ग पॉलीसिक्स या जुन्या जपानी सिंथेसायझरच्या तक्रारी वेगवेगळ्या असतात, पण खोलून बघितलं की दोष बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो. आधी लक्षणं सांगतो, तुमच्या वाद्याशी ताडून बघा.

- रात्री साठवलेला पॅच (जुळवून ठेवलेला आवाज) सकाळी गायब. त्या जागी भलताच आवाज, नाहीतर नुसती खरखर.
- बँकेचं (पॅचच्या गटाचं) किंवा प्रोग्रॅमचं (पॅचचं) बटण दाबलं की दुसराच दिवा लागतो, कधी दोन एकदम लागतात, कधी एकही नाही.
- फिल्टरचा (आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणाऱ्या भागाचा) नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी आवाज तसाच. फिल्टर एकतर कायम उघडा, नाहीतर कायम मिटलेला.
- सहाच्या सहा आवाज (एकेक सूर वाजवणारी सहा सर्किटं) एकदम वर किंवा खाली गेलेले. पांढरी एक दाबावी तर काळी एक ऐकू येते, आणि ट्यूनचा नॉब पूर्ण फिरवूनही जागेवर येत नाही.
- पट्टी सोडली तरी सूर थांबत नाही.
- जुलै-ऑगस्टमध्ये हे सगळं वाढतं आणि एप्रिल-मेमध्ये वाद्य आपोआप सुधारल्यासारखं वाटतं.

शेवटचं लक्षण माझ्या मते सगळ्यात बोलकं आहे. पावसाळ्यात बिघडणारा आणि उन्हाळ्यात बरा होणारा पॉलीसिक्स समोर आला, की मी आधी बॅटरीकडे बघतो.

हे होतं कशामुळे

पॉलीसिक्स १९८१ सालचा. सहा आवाज, ६१ पट्ट्या आणि ३२ पॅच लक्षात ठेवणारी मेमरी. वीज बंद असतानाही हे पॅच टिकावेत म्हणून केएलएम-३६७ या बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली आहे. वाद्य चालू असलं की ती चार्ज होते, बंद असलं की मेमरीला पुरवठा करते. पण चाळीस वर्षं टिकेल अशी ही बॅटरी कधीच नव्हती.

तिच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीव्र अल्कधर्मी द्रावण असतं. सील जुनं झालं की ते झिरपायला लागतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पांढरा क्षार बनतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांवर, म्हणजे ट्रॅकवर, हिरवट-निळसर थर चढतो. हा क्षार हवेतली ओल ओढून घेतो. पुण्यात पावसाळी हवेत तो ओलसर होतो आणि शेजारशेजारच्या दोन ट्रॅकमधून वीज झिरपायला लागते. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, गळती कमी होते आणि वाद्य ‘सुधारतं’. खाली तांबं खाल्लं जाणं मात्र चालूच असतं.

मुख्य अडचण अशी, की हा बोर्ड नुसता मेमरीचा नाही. प्रोसेसर इथेच आहे. पॅनलवरच्या नॉबांची जागा वाचणारा आणि त्यावरून फिल्टर वगैरेंसाठी कंट्रोल व्होल्टेज तयार करणारा भागही इथेच. म्हणून मेमरी, बटणं, फिल्टर आणि सूर हे एकमेकांशी संबंध नसलेले वाटणारे दोष एकत्र दिसतात. ‘फिल्टरची आयसी (चिप) गेली आहे, सहाही बदलाव्या लागतील’ असं ऐकून हताश होऊन आलेले लोक मला भेटले आहेत. पॉलीसिक्समध्ये एसएसएम२०४४ ही फिल्टर आयसी आहे, तिचं मूळ उत्पादन केव्हाच थांबलं आहे आणि खात्रीची आयसी मिळवणं महागात जातं. सहा स्वतंत्र आयसी एकाच दिवशी, एकाच पद्धतीने जात नाहीत. सहाही आवाज सारखेच बिघडले असतील तर दोष त्या सहांच्या आधी, सामाईक जागेत शोधायचा.

एकही स्क्रू न काढता

खर्च शून्य असलेल्या तपासण्या आधी करा. या कंटाळवाण्या वाटतात म्हणून लोक टाळतात आणि चांगलं वाद्य विनाकारण उघडतात.

मागच्या बाजूला प्रोग्रॅम राइटचा स्विच आहे. तो डिसेबलवर असेल तर पॅच साठवलाच जाणार नाही. वाद्य हलवताना, कव्हर चढवताना तो सहज सरकतो. एनेबलवर करा, एक पॅच साठवा, वाद्य बंद करून लगेच चालू करा, आणि नंतर रात्रभर बंद ठेवून पुन्हा बघा. लगेच टिकतो पण रात्रभरात जातो, म्हणजे बॅटरी संपली. लगेचही टिकत नाही, म्हणजे एकतर बॅटरी पूर्ण मेलीय, नाहीतर दोष बॅटरीच्या पुढे गेलाय.

सूर थांबत नसेल तर होल्ड (सूर धरून ठेवणारं बटण) आणि आर्पेजिएटरचा (सूर एकामागून एक आपोआप वाजवणाऱ्या सोयीचा) लॅच बंद आहे ना, ते बघा. एकच पट्टी दाबून अनेक सूर येत असतील तर कॉर्ड मेमरी (एका पट्टीवर अख्खा कॉर्ड वाजवणारी सोय) चालू राहिलेली असू शकते. सूर सरकला असेल तर ट्यूनचा नॉब मध्यावर आणा आणि सूर वाकवणारं बेंडचं चाक सोडल्यावर बरोबर मध्यावर परत येतं का ते पाहा.

मग वाद्य वीस मिनिटं तापू द्या. यात खरेखुरे अ‍ॅनालॉग ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी सर्किटं) आहेत. तापमान बदललं की ते थोडे सरकणारच, आणि थंडीतल्या सकाळी व मे महिन्यातल्या दुपारी सारखाच सूर मिळण्याची अपेक्षा धरू नये. तापल्यावर सूर स्थिरावत असेल तर तो दोष नाही.

आता एकच पट्टी सावकाश पुन्हा पुन्हा दाबा. प्रत्येक वेळी पुढचा आवाज वाजतो. दर सहाव्या दाबाला सूर बिघडत असेल किंवा गप्प होत असेल, तर दोष त्या एका आवाजाच्या सर्किटमध्ये आहे आणि त्याची तपासणी वेगळी. ठरावीक पट्टीच मुकी असेल तर तिच्याखालचे संपर्क मळलेले असतात, तिथे सफाईने काम होतं. दर दाबाला सारखाच दोष असेल तरच पुढे चला.

(रोलंड ज्युनो-१०६ या दुसऱ्या सिंथेसायझरवाले याच खुणेने माझ्याकडे येतात: दर सहावा सूर गायब. त्या वाद्यात कारण निराळं आहे. त्यातल्या ८००१७ए या मॉड्यूलवरचं राळेचं आवरण वयाने दगा देतं. त्याचा बॅटरीशी संबंध नाही, तेव्हा हा उपाय तिकडे लावू नका.)

विजेची बाजू

जपानहून आलेलं वाद्य बहुधा १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतून आलेलं ११७ किंवा १२० चं. मागे लावलेली व्होल्टेजची पाटी वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला काहीही लावू नका. पिन बसते म्हणून व्होल्टेज जुळतं असं नाही.

बाजारात सहज मिळणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचा असतो. तो २३० धरून ११० देतो. तुमच्या घरी संध्याकाळी २४५ व्होल्ट येत असतील तर तोच ट्रान्सफॉर्मर ११७ देणार. म्हणजे १०० व्होल्टच्या वाद्याला सतरा टक्के जास्त. आतले रेग्युलेटर ते झेलतात, पण जास्त तापतात, आणि बंद पेटीतली उष्णता जुन्या कपॅसिटरना आणि बॅटरीला दोघांनाही लवकर म्हातारं करते. १०० व्होल्टच्या वाद्याला १०० चाच ट्रान्सफॉर्मर वाइंड करून घ्या. साधा, तांब्याच्या तारेचा, १०० व्हीए क्षमतेचा पुरतो. प्रवासासाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर अजिबात वापरू नका.

ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट मल्टिमीटरने एसीवर मोजायचं आणि मगच वाद्य जोडायचं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळणारा साधा मल्टिमीटर या सगळ्या कामाला पुरेसा आहे, फक्त त्याला कंटिन्युइटीचा बीप (जोड सलग असला की वाजणारा) असला पाहिजे.

उघडण्याआधी पॅच वाचवा

जे पॅच अजून शाबूत आहेत ते आधी बाहेर काढा. पॉलीसिक्सला कॅसेटची सोय आहे. मागच्या टेप आउटमधून येणारा आवाज फोनवर किंवा लॅपटॉपवर रेकॉर्ड करता येतो. वेव्ह फाइलमध्येच घ्या, एमपी३ करू नका, कारण दाबलेल्या फाइलमध्ये त्या टोनची कड बोथट होते आणि परत भरताना वाद्य ती वाचत नाही. दोन वेगवेगळ्या लेव्हलला रेकॉर्ड करा. बॅटरी काढली की मेमरी पुसली जाणारच. एखाद्या जुन्या वादकाने वर्षानुवर्षं जमवलेले आवाज त्यात असतील तर ते परत मिळणार नाहीत. पॅनलवरच्या नॉबांचे फोटोही काढून ठेवा.

झाकण उघडल्यावर

प्लग सॉकेटमधून बाहेर काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. दहा मिनिटं थांबा. मग उघडा आणि केएलएम-३६७ असं छापलेला बोर्ड शोधा. छोट्या पिंपासारखी, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली बॅटरी त्यावर दिसेल.

आता हात न लावता नुसतं बघायचं. चांगला टॉर्च घ्या आणि प्रकाश तिरपा टाका. वरून सरळ प्रकाश टाकला तर ट्रॅक चकचकीत दिसतात. तिरप्या प्रकाशात बोर्डाच्या हिरव्या लेपाखाली उठलेले फोड दिसतात, आणि त्या फोडांखाली तांबं काळं पडलेलं असतं. बॅटरीच्या दोन्ही टोकांना पांढरी पूड आहे का? शेजारच्या आयसींचे पाय मंद, करडे झालेत का? सोल्डरची चमक गेलीय का?

तिथून निघणाऱ्या वायरी आणि कनेक्टर विसरू नका. द्रावण वायरीच्या आतून, तांब्याच्या बारीक तारांमधून वर चढतं. बोर्डापासून बोटभर अंतरावर वायरीचं प्लॅस्टिक सोललं, तर आत लाल तांब्याऐवजी काळी, ठिसूळ तार निघते. बाहेरून ती वायर नवीकोरी दिसत असते. मीटरवर बीपही देते, आणि बोटाने हलवली की बंद पडते. अशा वायरीने मला इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ दमवलंय. लाल तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, नाहीतर पूर्ण वायर बदला.

बॅटरीचं व्होल्टेज मोजायला हरकत नाही. चार्ज असलेली ३.६ च्या आसपास दाखवते, दोनच्या खाली गेली की मेमरीचा भरवसा संपला. पण ३.६ दाखवते म्हणून ती ठेवायची नाही. गळणारी बॅटरीही व्होल्टेज बरोबर दाखवू शकते. मी हे मालकांना आग्रहाने सांगतो: तुमचा पॉलीसिक्स आज उत्तम वाजत असला आणि आत मूळ बॅटरी असली, तरी ती याच आठवड्यात काढा. पॅच उडाले तर परत भरता येतात. खाल्लेला बोर्ड परत येत नाही.

बॅटरी काढणं आणि सफाई

हातमोजे आणि चष्मा घाला. द्रावण त्वचेला भाजतं आणि डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते. बॅटरी सोल्डर वितळवून काढायच्या भानगडीत पडू नका. तिचे पाय कटरने तोडा, बॅटरी बाजूला करा आणि उरलेले तुकडे नंतर शांतपणे काढा. खाल्लेल्या पॅडवर (सोल्डर धरणाऱ्या तांब्याच्या टिकलीवर) सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवली की पॅड उखडून हातात येतो. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या बादलीत टाकायची नाही. कॅडमियम विषारी आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

बोर्डावरचे सगळे कनेक्टर फोटो काढून, खुणा करून सोडवा आणि बोर्ड बाहेर घ्या. इतर बोर्डांवर पाणी सांडता कामा नये.

सफाईला किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर लागतं. गळालेलं द्रव्य अल्कली आहे, व्हिनेगर आम्ल. म्हणूनच ते उपयोगी पडतं. नुसत्या अल्कोहोलने हा क्षार जात नाही, तो पसरतो. कापसाच्या काडीने व्हिनेगर फक्त बाधित जागी लावा. बुडबुडे येतील. दोन-तीन मिनिटांनी मऊ टूथब्रशने घासा, पुसा, पुन्हा लावा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत हे करायचं. नंतर ते आम्लही धुऊन काढणं तितकंच गरजेचं आहे, नाहीतर एक गंज जाऊन दुसरा सुरू होतो. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटर वापरा, जे गाडीच्या बॅटरीत घालतात ते. नळाच्या पाण्यातले क्षार मागे राहतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून घ्या, म्हणजे उरलेलं पाणी निघून जाईल.

वाळवण्याची घाई पुण्याच्या पावसाळ्यात करू नका. मे महिन्यात तासाभरात वाळणारा बोर्ड ऑगस्टमध्ये आयसीच्या सॉकेटखाली दुसऱ्या दिवसापर्यंत ओला राहतो. साध्या पिवळ्या बल्बखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात, हवा खेळती ठेवून दिवसभर ठेवा. हेअर ड्रायर वापरायचा तर गार हवेवर.

एवढ्यावरच बरेच पॉलीसिक्स ताळ्यावर येतात. बोर्ड परत लावून एकदा चालू करून बघा. बॅटरी नसली तरी वाद्य वाजतं, फक्त बंद केल्यावर पॅच विसरतं. बटणं आणि फिल्टर नीट वागायला लागले असतील तर पुढचा भाग सोडून थेट नव्या बॅटरीकडे जा.

ट्रॅक तपासणं

इथून पुढे सोल्डरिंगचा हात बसलेला हवा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधली आकृती समोर हवी. ज्यांनी आयुष्यात फक्त गिटारची केबल जोडली आहे, त्यांनी आधी भंगारातल्या एखाद्या बोर्डावर सराव करावा. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी असे बोर्ड स्वस्तात मिळतात.

काळ्या पडलेल्या ट्रॅकवरचा लेप हलक्या हाताने खरवडा. फायबरग्लासचा पेन असेल तर उत्तम, नसेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर. चमकदार तांबं लागलं की लगेच त्यावर सोल्डरचा पातळ थर द्या, उघडं ठेवू नका. मग आकृतीत बघून ट्रॅकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बीप तपासा. टोक म्हणजे आयसीचा पाय, त्याखालचा पॅड नव्हे. कारण अनेकदा पॅडपर्यंत सगळं ठीक असतं आणि पॅड ते पाय हा जोडच तुटलेला असतो. बाधित भागातले आयसी सॉकेट मी वाचवत बसत नाही. आतले पत्रे काळे पडलेले असतात, साफ केले तरी महिनाभरात पुन्हा त्रास देतात. नवे, गोल पिनचे सॉकेट लावायचे.

तुटलेल्या ट्रॅकला बारीक इन्सुलेटेड तारेचा जंपर द्या. तार ट्रॅकच्या वाटेनेच न्या आणि जागोजाग चिकटवा. पुढच्या वेळी बोर्ड उघडणाऱ्याला तुम्ही काय केलंय ते कळलं पाहिजे.

शेजारशेजारच्या दोन ट्रॅकमध्ये बीप येता कामा नये हेही तपासा. बीप आला नाही तरी मीटर मोठ्या ओहम रेंजवर लावून बघा. सफाई अपुरी राहिली असेल तर तिथे काहीशे किलोओहम दिसतात. मेमरी, बटणं याने बिघडणार नाहीत, पण कंट्रोल व्होल्टेज धरून ठेवणारे छोटे कपॅसिटर तेवढ्या गळतीने रिकामे होतात आणि फिल्टर आपोआप सरकायला लागतो. अशा वेळी पुन्हा धुवायचं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. आतले छोटे ट्रिमर (जुळणीसाठीचे स्क्रू) फिरवू नका. सूर सरकलेला दिसला की पहिला मोह ट्रिमरचा होतो. तिथे गळतीमुळे आलेला फरक तुम्ही ट्रिमरने झाकता, आणि गळती दूर झाल्यावर वाद्य उलट्या बाजूला बेसूर होतं. मग मूळ दोष कोणता आणि फिरवलेला ट्रिमर कोणता, हे शोधण्यातच दिवस जातात. ट्यूनिंगची जुळणी सगळ्यात शेवटी, सप्लाय बरोबर असल्याची खात्री झाल्यावर आणि मॅन्युअलमधल्या क्रमानेच.

नवी बॅटरी कोणती

जुन्या जागी तशीच निकेल-कॅडमियम लावू नका. दोन मार्ग चांगले आहेत.

सोपा मार्ग म्हणजे कॉर्डलेस फोनमध्ये येते ती ३.६ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी, तीन सेल एकत्र बांधलेली आणि वायर असलेली. मूळ चार्जिंगवरच ती चालते, सर्किटमध्ये बदल लागत नाही. मात्र तीही अल्कधर्मी आहे आणि कधीतरी गळू शकते, म्हणून बोर्डावर ठेवायची नाही. लांब वायर काढून, प्लॅस्टिकच्या बंद डबीत, पेटीच्या तळाशी, कुठल्याही बोर्डापासून दूर बसवा.

दुसरा मार्ग सीआर२०३२ हे लिथियमचं नाण्यासारखं सेल आणि त्याचा होल्डर. मला हा जास्त पसंत आहे, कारण त्यात बोर्ड खाणारं द्रावण नसतं. पण हे सेल चार्ज करायचं नसतं. चार्जिंगचा प्रवाह त्यात गेला तर ते फुटू शकतं. म्हणून सेलचं धन टोक आणि बोर्ड यांच्यामध्ये एक शॉटकी डायोड लावायचा, रेघ असलेली बाजू बोर्डाकडे. बीएटी८५ किंवा १एन५८१७ चालतो. डायोडवर थोडं व्होल्टेज जातं, तरी मेमरी टिकायला पुरेसं उरतं. डायोड का लागतो हे ज्याला नीट समजलेलं नाही त्याने पहिलाच मार्ग घ्यावा.

कोणतीही लावा, तारीख लिहिलेला कागद आत चिकटवा आणि दर पावसाळ्याआधी एकदा झाकण उघडून बघा.

थांबायचं कुठे

फ्यूज एकदा गेला आणि त्याच मापाचा नवा लावल्यावर पुन्हा गेला, तर थांबा. मोठा फ्यूज लावायचा नाही. ट्रान्सफॉर्मरचा जळका वास येतोय किंवा स्पीकरमधून जाड घुमणारा आवाज येतोय, तर थांबा. आतल्या +१५, −१५ आणि +५ व्होल्टपैकी एखादा पाच टक्क्यांहून जास्त चुकलेला आहे आणि चालू पेटीत मोजमाप करायची सवय नाही, तर थांबा. तिथे २३० व्होल्ट उघडे असतात.

पॅड उखडायला लागले, किंवा प्रोसेसरभोवतीचे ट्रॅक एकामागून एक तुटलेले निघाले, तरी हात आवरा. कुशल माणसाला तो बोर्ड अजून वाचवता येतो. आणखी पाच-सहा वेळा इस्त्री लागली की त्यालाही नाही. सफाई आणि बीप दोन्ही झाल्यावरही फिल्टर किंवा सूर जागेवर नसेल, तर पुढची तपासणी ऑसिलोस्कोपशिवाय होत नाही.

बोर्ड अगदीच गेला असेल तर किवीटेक्निक्सचा किवीसिक्स हा केएलएम-३६७ च्या जागी बसणारा आधुनिक बोर्ड आहे. त्याने मूळ पॉलीसिक्सला नसलेली मिडीही (संगणकाशी आणि इतर वाद्यांशी जोडण्याची सोय) मिळते. संग्राहक मूळ बोर्डाचा आग्रह धरतात आणि तो मला समजतो, पण वाजणारं वाद्य हे कपाटातल्या मुक्या वाद्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं. मूळ बोर्ड साफ करून, बॅटरी काढून, जपून ठेवा.

दुरुस्तीला पाठवताना, विकत घेताना

बाहेरगावच्या तंत्रज्ञाकडे पाठवायचं असेल तर आधी विचारा, नुसता बोर्ड चालेल का. बहुतेकदा चालतो. बॅटरी काढलेली हवीच. अँटिस्टॅटिक पिशवी, दोन्ही बाजूंना फोम आणि वर कडक डबा. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका.

पूर्ण वाद्य पाठवायची वेळ आली तर दोन खोकी, एकात एक, आणि दोन्हींच्या मध्ये सगळीकडून निदान चार बोटं फोम. थर्माकोलचे तुकडे नकोत, वाटेत त्यांचा चुरा होतो आणि कोपरा मोकळा पडतो. पट्ट्यांवर फोमची पट्टी ठेवून वरून पुठ्ठा बांधा, नॉबांवर वजन येईल असं काही ठेवू नका. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू घट्ट आहेत का ते पाठवण्याआधी तपासा. जड ट्रान्सफॉर्मर वाटेत सुटला तर आतले बोर्ड तोच फोडतो. सीरियल नंबरसह फोटो काढा आणि विमा उतरवा. आलेलं खोकं लगेच उघडून वाद्य चालू करायचं नाही, आत दव धरलेलं असतं. एक दिवस खोलीत राहू द्या.

विकत घेताना विक्रेता वाजवल्याचा व्हिडिओ पाठवतो. त्यावर समाधान मानू नका, बॅटरीचा आणि तिच्याभोवतीच्या चार बोटं जागेचा फोटो मागा. देत नसेल तर बोर्ड खराब आहे असं धरूनच भाव करा. कॉर्गच्याच १९८२ च्या पॉली-६१ मध्येही अशीच बॅटरी आहे आणि तीही अशीच गळते, तेव्हा तिथेही हाच फोटो मागायचा. कॉर्गच्याच मोनो/पॉलीला पॅच मेमरीच नाही, त्यामुळे त्याची ही काळजी करायला नको.